सांत्वनाला निघालेला माणूस वाट का बदलतो, आणि ज्याचे सांत्वन करायचे तो चहाच्या कपांत का अडकून बसतो?

तेरणाकाठ (धागाकर्ता)
८ जानेवारी, रात्री ९.४०

आमच्या शाळेत एक शिपाई आहेत, ज्यांना मुलांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळेच मामा म्हणतात. त्यांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्याला आता दीड वर्ष होत आले. मयतीला मी गेलो होतो, कारण मयतीला गर्दी असते आणि गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला कोणी बोलायला लावत नाही. दहाव्याला मात्र मी पेपर तपासण्याचे निमित्त काढले आणि पुढे घरी भेटायला म्हणून कधी गेलोच नाही. त्यांचे घर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. संध्याकाळी त्यांच्या पत्नी ओट्यावर बसलेल्या असतात, म्हणून मी आजही बाजारतळाला वळसा घालून घरी येतो. शाळेत मामा रोज समोर येतात आणि मी त्यांच्याशी खडू, हजेरीपट आणि पाण्याच्या टाकीविषयी इतके भरभरून बोलतो की आणखी कशाला जागाच उरू नये.

मागच्या मार्चमध्ये माझी आई वारली. तेरा दिवस घरात माणसांची रीघ होती आणि त्या तेरा दिवसांत मी एकदाही बसलो नाही. आलेल्यांना पाणी दे, खुर्ची दे, चहाचे कप मोज, हेच करत राहिलो. रडणाऱ्या मावशीला मीच धीर दिला. धाकट्या भावाने दुखवट्याच्या आहेराची वही घातली होती, म्हणजे कोणी टॉवेल-टोपी आणली, कोणी लुगडे आणले, हे सगळे पुढे फेडता यावे म्हणून नावानिशी लिहून ठेवले. चौथ्या दिवशी मामा आले, भिंतीला टेकून माझ्या शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला आणि एवढेच विचारले, ‘सर, जेवलात का?’ माझा घसा एकदम दाटून आला आणि मी ताडकन उठून म्हणालो, ‘आलोच मामा, मंडपवाल्याचं तेवढं बघून येतो.’ मंडपवाल्याचे पैसे सकाळीच दिलेले होते.

ज्या माणसाच्या दारावरून जायचे मी टाळत होतो, त्याच माणसाचा हात मला सोसवला नाही. तेव्हापासून मी विचार करतो आहे की ज्याला करुणा देता येत नाही त्यालाच ती घेताही येत नसावी का, की ह्या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि माझ्या वाट्याला दोन्ही आल्या? जाणकारांनी आणि अनुभवींनी लिहावे. फक्त ‘काळ हेच औषध’ असे कोणी लिहू नये, ते मी स्वतःच तेरा दिवस सगळ्यांना सांगितलेले आहे.


जुना वाडा
८ जानेवारी, रात्री १०.१५

यात मला फारसे गूढ दिसत नाही. आमच्या लहानपणी शेजारी कोणी गेले तर त्या घरातली चूल दहा दिवस पेटू देत नसत, गल्लीतूनच पिठले-भाकरी जायची. आता मोबाइलवर दोन जोडलेले हात पाठवले की कर्तव्य संपले. माणसे स्वार्थी झाली आहेत, इतकेच. आणि स्पष्ट लिहितो, राग मानू नये, पण आजकाल मिसरूडही न फुटलेल्या पोरांच्या हातात गाड्या देणाऱ्या पालकांचेही काहीतरी चुकतेच.


खिडकीजवळ
९ जानेवारी, सकाळी ७.०५

मी छत्रपती संभाजीनगरात समुपदेशनाचे काम करते. सर, आपण ज्या गोष्टीला अडचण म्हणता तिला आमच्या शास्त्रात सरळ ‘भीती’ म्हटलेले आहे. पॉल गिल्बर्ट हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ज्या रुग्णांबरोबर काम करत होते, त्यांतले अनेकजण स्वतःला सतत घालून-पाडून बोलणारे होते. त्यांना ‘तुमची चूक नाही’ हे बुद्धीला पटत होते, परंतु कोणी मायेने बोलले की शांत होण्याऐवजी ते अधिकच अस्वस्थ होत. त्यावरून गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये करुणेच्या भीतीचे मोजमाप करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात ही भीती तीन दिशांनी पाहिली आहे: इतरांना करुणा देण्याची, इतरांकडून ती घेण्याची आणि स्वतःला ती देण्याची. स्वतःशी मायेने वागायला जो घाबरतो तो बहुधा दुसऱ्याची माया स्वीकारायलाही घाबरतो, असे त्यात दिसले. देण्याची भीती मात्र बरीचशी वेगळ्या कारणांची असते. समोरचा आपला फायदा घेईल, किंवा त्याच्या दुःखात आपण वाहून जाऊ, अशी ती असते. म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की या दोन खोल्या एकाच घरातल्या आहेत, परंतु त्यांची दारे वेगळी आहेत.

घेणे जड का जाते, याचे गिल्बर्ट यांचे स्पष्टीकरण मला रोजच्या कामात खरे ठरताना दिसते. माणसाच्या मनात धोका ओळखणारी एक यंत्रणा असते, मिळवायला धावणारी दुसरी असते आणि कुशीत घेतल्यावर निवणारी तिसरी असते. ही तिसरी यंत्रणा लहानपणी कोणीतरी जवळ घेऊन घेऊनच तयार होते. ज्या लेकराला रडल्यावर ‘गप, माणसासारखा माणूस असून रडतोस?’ असे ऐकावे लागले, किंवा ज्याला जवळ घेणारा हातच कधी मारणाराही होता, त्याच्या मनात माया आणि धोका यांची एकच गाठ बसते. पुढे चाळिसाव्या वर्षी कोणी पाठीवर हात ठेवला की निवणारी यंत्रणा जागी होते आणि तिच्याबरोबर जुना धोकाही जागा होतो. जॉन बोल्बी यांनी आई-मुलाच्या नात्यावर जे मूलभूत काम केले, त्यात हेच वेगळ्या शब्दांत आहे: जवळ गेल्यावर झिडकारले जाणारे मूल हळूहळू जवळ जाणेच सोडते आणि आपल्याला कोणाची गरज नाही असे दाखवायला शिकते. अशा मुलांना आपल्याकडे ‘शहाणे’ आणि ‘समजूतदार’ म्हणतात व चारचौघांत त्यांचे कौतुक करतात.

आपला घसा दाटून आला, यावरून आपण कोरडे नाही हे तर उघडच आहे. उठून गेला नसता तर काय झाले असते, असे आपल्याला वाटले?


तेरणाकाठ
९ जानेवारी, दुपारी १.३०

रडलो असतो. आणि ते मामांसमोर, ज्यांच्या मुलाच्या वेळी मी एक शब्दही बोललो नव्हतो. मला वाटते, भीतीपेक्षा मला त्याची लाज अधिक वाटली. ज्याला आपण काही दिले नाही, त्याच्याकडून घ्यायचे कसे? आमच्या भावाच्या वहीत ती नोंद कुठे बसवायची?


कोरडवाहू
९ जानेवारी, रात्री ८.५०

सर, तुम्ही वहीचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी आहे. माझ्या थोरल्या भावाने औषध घेतले. (आमच्याकडे पिकावर फवारायच्या विषालाही औषधच म्हणतात.) नंतर घरी चौकशीला माणसे आली. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात वारसांना एक लाख रुपये मदत मिळते, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, परंतु त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते: जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचे, थकीत होते का, वसुलीचा तगादा होता का. आमची जमीन आणि कर्ज दोन्ही वडिलांच्या नावावर, म्हणून भाऊ अपात्र ठरला. नियमावर मला येथे वाद घालायचा नाही, सरकारला काही ना काही कसोटी लावावीच लागते. पण त्या चौकशीने वहिनींच्या मनाचे काय झाले ते सांगतो. पुढे वर्षभर कोणीही दारात येऊन ‘कशी आहेस बाई?’ असे विचारले, की वहिनी आधी आत जाऊन कागदांची पिशवी आणायच्या. सातबारा, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला. शेजारची म्हातारी नुसती बसायला आली होती, तिच्यापुढेही त्यांनी पिशवी उघडली. आपले दुःख खरे आहे हे आधी शाबीत करावे लागते, मगच कोणी हळहळते, असा धडा त्यांना मिळालेला होता. असा धडा शिकलेल्या बाईला कोणी आपुलकीने विचारले तरी ते तपासणीसारखेच वाटणार.

आता वहीविषयी. तुम्ही वहीला जरा दोष दिल्यासारखे लिहिले आहे, ते मला पटले नाही. त्याच वर्षी मृग लागला तेव्हा गावातल्या सहा जणांनी न विचारता आपापले बैल आणून आमचे रान पेरून दिले. वहिनींनी ते विनातक्रार घेतले, दुपारी सगळ्यांना जेवू घातले आणि पुढच्या वर्षी त्यातल्या दोघांच्या खुरपणीला स्वतः गेल्या. त्यांना ते जड गेले नाही, कारण ते फेडता येणारे होते. सावड काय, वारंगुळा काय, आपल्याकडचा सगळा शेजारधर्मच आज तू, उद्या मी असा चालतो. माझे वडील ७२ च्या दुष्काळाविषयी बोलताना आजही सांगतात की आम्ही खडी फोडली, तलावावर माती वाहिली, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाल्ला, सुकडी खाल्ली, पण फुकट खाल्ली नाही. त्या अनुभवातूनच महाराष्ट्रात १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, आणि त्या योजनेचे जनक मानले जाणारे वि. स. पागे यांना जे कळले होते ते हेच असावे की उपाशी माणसालाही हात पसरण्याऐवजी हात चालवायचा असतो. ज्या मदतीची परतफेड करायला जागाच ठेवलेली नसते, ती घेतल्यावर माणूस मिंधा होतो. आम्ही तिला कीव म्हणतो. कीव कोणालाच नको असते, त्यात घेणाऱ्याच्या मनाचा काही दोष आहे असे मला वाटत नाही.


बावन्न गावे
१० जानेवारी, सकाळी ६.२०

वरील प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. मी किल्लारीच्या भूकंपातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या आधी चार मिनिटे जमीन हलली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. मी नऊ वर्षांचा होतो. पुढे ज्या ५२ गावांना नव्या जागी वसवले, त्यातल्या एका गावचा मी.

मदत प्रचंड आली आणि तिच्यामुळेच आम्ही जगलो, हे आधी लिहितो. तरीही मला जे आठवते ते असे: पत्र्याच्या शेडपुढे जुन्या कपड्यांचा डोंगर होता, त्यात लोक वाकून शोधत होते आणि कोणीतरी त्याचे फोटो काढत होते. माझ्या हातात बिस्किटांचा पुडा देऊन एका गृहस्थांनी तो जरा वर धरायला सांगितला. मी धरला. त्या दिवसापासून कोणी मला काही देऊ लागले की माझी मान आपोआप आखडते. आज माझे बरे चालले आहे, मी कोणालाही पैसे देतो, रक्त देतो, रात्री-अपरात्री दवाखान्यात धावतो. परंतु पाऊस पडत असताना कोणी ‘चला, सोडतो’ म्हटले तरी मी भिजत जातो. पत्नीला याचा फार त्रास होतो. आजारी पडल्यावर मी तिला डोक्यावर हात ठेवू देत नाही.

एका माणसाचे मात्र मी घेतले होते. ढिगारे उपसायला आलेल्या सैन्यातला एक जवान होता, भाषा कुठली ते मला कळत नव्हते. तो दमून माझ्याजवळ येऊन बसला आणि माझ्या पुड्यातले एक बिस्कीट त्याने खुणेने मागितले. मी दिले. मग त्याने माझ्या केसांतली माती झाडली. ‘कोरडवाहू’ यांनी जे लिहिले ते वाचल्यावर आज प्रथमच मला कळले की त्याचा हात मी का झिडकारला नाही.


रात्रपाळी
१० जानेवारी, रात्री ११.५५

मी एका सरकारी रुग्णालयात बावीस वर्षे परिचारिका आहे, त्यामुळे देणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. आमच्यावर ‘सिस्टरला मनच नाही’ असा आरोप नेहमी होतो आणि तो काही वेळा खराही असतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी जळालेली एक मुलगी माझ्या पाळीत गेली तेव्हा मी तीन दिवस जेवू शकले नव्हते. चौथ्या वर्षी तशीच एक मुलगी गेली आणि मी नोंदवहीत वेळ लिहून डबा उघडला. मधल्या काळात मी काही वाईट झाले नव्हते. चाळीस खाटांच्या प्रत्येक दुःखात रोज उतरायचे तर आपण बुडतो, हे शरीराला कळते आणि ते आपल्या परीने दार लावून घेते.

पुढे एका प्रशिक्षणात समजले की यात एक महत्त्वाचा फरक आहे. ओल्गा क्लिमेकी आणि टानिया सिंगर यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही लोकांना आधी दुसऱ्याचे दुःख आपलेसे करून अनुभवायचा सराव दिला आणि मग यातना भोगणाऱ्या माणसांची दृश्ये दाखवली, तेव्हा त्यांना स्वतःलाच अधिक त्रास झाला. त्याच लोकांना नंतर करुणेचा सराव दिला, म्हणजे समोरच्याचे भले व्हावे अशी ऊबदार इच्छा मनात धरायला शिकवले, तेव्हा तो त्रास कमी झाला आणि मेंदूचे वेगळेच भाग काम करताना दिसले. दुःखाबरोबर दुःखी होणे आणि दुःखी माणसाबरोबर असणे ही दोन निराळी कामे आहेत. आम्हाला कोणी ती वेगळी करून शिकवलीच नव्हती. आता मी शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाचे ओठ ओल्या कापसाने पुसते आणि तेवढेच करते, पण ते करताना दुसरीकडे बघत नाही.

सर, तुम्ही वळसा घालून जाता, कारण त्या माउलीचे दुःख आपल्याला पेलणार नाही असे तुम्हाला वाटते. पण ते पेलायला तुम्हाला सांगितले आहे कोणी?

(जाता जाता: रुग्ण म्हणून सर्वांत अवघड कोण असेल तर परिचारिका. माझ्या शस्त्रक्रियेनंतर मी स्वतःची सलाईन स्वतः बंद करायला उठले होते.)


जुना वाडा
११ जानेवारी, सकाळी ९.१०

एवढे मानसशास्त्र वाचून मी थोडा चकित आहे. पण मुळात धर्म, संस्कार, कीर्तन-प्रवचन कमी झाल्यानेच हे होते, असे माझे मत कायम आहे. आपल्याच पैठणच्या नाथांनी वाळवंटात तापल्या वाळूवर रडणारे लेकरू उचलून कडेवर घेतले आणि रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतले गंगेचे पाणी तहानलेल्या गाढवाला पाजले. त्यांना कोणती प्रश्नावली लागली होती?


खिडकीजवळ
११ जानेवारी, दुपारी २.४०

नाथ होणे सर्वांना जमत असते तर आपण त्यांची गोष्ट चारशे वर्षे सांगत बसलो नसतो. शिवाय त्या कथेत घेणारे एक तान्हे लेकरू आहे आणि दुसरे गाढव आहे. या दोघांनाही मिंधेपणा वाटत नाही, ही नाथांची सोय लक्षात घ्यावी.

संस्कारांविषयी एक जुना प्रयोग सांगते. १९७३ साली डार्ली आणि बॅट्सन या संशोधकांनी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण देण्यासाठी पाठवले. काहींच्या भाषणाचा विषयच बायबलमधली, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या सज्जनाची गोष्ट हा होता. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत दाराशी कोसळून पडलेला दिसेल अशी व्यवस्था केली होती. ज्यांना ‘अजून वेळ आहे’ असे सांगितले होते, त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, लवकर जा’ असे सांगितले होते, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने लक्षणीय फरक पडला नाही. आणि जे न थांबता पुढे गेले त्यांच्यातले अनेकजण पोहोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. वळसा घालणाऱ्या माणसाला काही वाटत नसते, असे नाही.

आपल्या पहिल्या प्रतिसादातल्या ‘गाड्या देणाऱ्या पालकांचेही काहीतरी चुकतेच’ या वाक्यावर मात्र मला थांबावेसे वाटते. मेल्विन लर्नर यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की निरपराध माणसाला यातना होताना पाहावे लागले आणि त्या थांबवणे आपल्या हाती नसले, की पाहणारे हळूहळू त्याच माणसाला कमी लेखू लागतात. जगात ज्याचे त्याला मिळते, हा आपला विश्वास टिकवण्यासाठी आपण हे करतो. मयतीच्या ओट्यावर बसून ‘पोरगा वेगात चालवायचाच’, ‘तो जरा पीत होताच’ असे जे बोलले जाते, ते बहुतेक वेळा दुष्टपणाने बोललेले नसते. त्या पोराने काहीच चूक केली नसेल तर उद्या आपल्या पोराचेही तसे होऊ शकते, हा विचार कोणालाच सोसत नाही.


जुना वाडा
११ जानेवारी, सायंकाळी ५.००

माझा नातूही गाडी चालवतो. ते वाक्य मागे घेतो.


बोधितरू
१२ जानेवारी, सकाळी १०.३०

मी संभाजीनगरच्या नागसेनवन या शैक्षणिक परिसरात शिकलो आणि पाली भाषेचा अभ्यासक आहे, त्यामुळे दोन मुद्दे मांडतो. दुसरा काहींना टोचेल.

पहिला असा. ‘कीव ही करुणेची जवळची शत्रू आहे’ असे वाक्य अलीकडे बौद्ध विचार म्हणून फिरते. ते चूक नसले तरी मूळ ग्रंथातले नाही. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात करुणेचा दूरचा शत्रू विहिंसा, म्हणजे क्रौर्य, सांगितला आहे, आणि जवळचा शत्रू म्हणून सांगितला आहे तो शोक, म्हणजे संसारातल्या आपल्या हानीमुळे होणारे दौर्मनस्य (मनाची खिन्नता). जवळचा शत्रू तो, जो मित्रासारखा दिसतो. दुसऱ्याच्या दुःखाने आपणच शोकात बुडालो तर ती करुणा वाटते, परंतु ती करुणा नसते. ‘रात्रपाळी’ यांनी मेंदूच्या अभ्यासावरून जे लिहिले, ते तेथे दीड हजार वर्षांपूर्वी वेगळ्या मार्गाने आलेले आहे.

दुसरा मुद्दा. येथे सर्वांनी करुणा जणू सारख्या उंचीवरच्या दोघांमध्ये होते असे धरून लिहिले आहे. माझ्या आजोबांना पाणी वरून ओतत असत आणि ओतणारा ‘दयाळू’ म्हणून गावात ओळखला जाई. ज्यांनी पिढ्यानपिढ्या अशी दया ओंजळीत घेतली, त्यांच्या नातवाने कोणी मायेने बोलताच सावध व्हावे, यात मानसिक बिघाड शोधू नये. ती इतिहासाने शिकवलेली सावधगिरी आहे. बाबासाहेबांनी दया मागितली नाही, हक्क मागितला. आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी करुणेला मोठे स्थान दिले, तरी ती एकटी ठेवलेली नाही. प्रज्ञा, शील आणि मैत्री तिच्या सोबतीला आहेत. माणसांवरील प्रेम ही करुणा आणि तेच सर्व जीवमात्रांपर्यंत पोहोचले की मैत्री. यातला मैत्री हा शब्द मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण मित्र वरून ओतत नाही.

संभाजीनगरला बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात लेणी आहेत. पर्यटक अजिंठ्याला जाऊन पद्मपाणीचे चित्र पाहतात आणि ही लेणी राहून जातात. तेथील सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व मानतात त्याच्याभोवती, आठ संकटे कोरली आहेत: आग, तलवार, बेड्या, बुडणारी नाव, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. मी विद्यार्थी असताना फक्त मधली भव्य मूर्ती पाहत असे. आता बाजूची छोटी माणसे पाहतो, जी त्याला हाक मारत आहेत. शिल्पकाराने हाक मारणाऱ्यांना लाजेने मान खाली घातलेले दाखवलेले नाही.


कोरडवाहू
१२ जानेवारी, रात्री ९.२०

आपला दुसरा मुद्दा टोचला आणि तो टोचायलाच हवा होता. आमच्या रानात पेरायला आलेल्या सहांमध्ये ज्यांना पूर्वी आमच्या घरात ओसरीपर्यंतच येऊ देत असत, त्या वस्तीतले दोघे होते. वहिनी पुढच्या वर्षी ज्यांच्या खुरपणीला गेल्या ते हेच दोघे. त्यावरून आमच्या भावकीत कुजबुज झाली होती. मी आधी ते लिहिले नव्हते.


तेरणाकाठ
१६ जानेवारी, रात्री ८.१५

इतके दिवस मी केवळ वाचत होतो. परवा संक्रांत होती. तिळगुळाचे निमित्त घेऊन काल संध्याकाळी मी बाजारतळाचा वळसा न घेता सरळ वाटेने आलो.

जाताना मनात एक वाक्य तयार केले होते आणि ते मला आता आठवतही नाही, कारण म्हणायची वेळच आली नाही. मामांच्या पत्नी ओट्यावर होत्या. मी दिसताच त्यांनी पदर सावरला आणि माझ्या आधी त्याच म्हणाल्या, ‘सर, तुमची माय गेली तवा माझ्यानं येणं झालं न्हाई. कुणाच्या मयतीला पाय उचलत न्हाई बघा आता.’ म्हणजे दहा महिने त्याही माझे घर चुकवत होत्या. मला काय बोलावे ते सुचेना आणि मी तसे सांगून टाकले. त्या म्हणाल्या, ‘बसा तर खरं.’ मी बसलो. मुलाचा विषय त्यांनीच काढला. तो पोह्यात शेंगदाणे वेचून खायचा आणि पोहे तसेच ठेवायचा, एवढेच. नंतर बराच वेळ आम्ही समोरच्या बोअरच्या मोटारीविषयी बोललो, आणि ती नादुरुस्त होती हे खरेच होते.

‘खिडकीजवळ’ यांनी विचारले होते की उठून गेलो नसतो तर काय झाले असते. फारसे काही झाले नाही. डोळे भरून आले तेव्हा मामा दाराच्या कडीकडे पाहत बसले, त्यामुळे मला ते सोपे गेले. निघताना त्यांनी पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या.


कोरडवाहू
१६ जानेवारी, रात्री ८.४०

शेंगांचे पैसे दिले नाहीत ना?


तेरणाकाठ
१६ जानेवारी, रात्री ८.५५

हात खिशाकडे गेला होता. मामांनी पाहिले, म्हणून नुसता रुमाल काढला. शेंगा आज उकडल्या, मीठ जरा जास्त पडले.